मे महिन्यात म्यूरेन की वेंगेन? आई-बाबांना घेऊन सहा रात्री, एकाच शांत गावात

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. आल्प्समध्ये एकाच गावात सहा रात्री मुक्काम करायचा विचार आहे. दहा दिवसांत सात शहरं असली सहल नकोय. आम्ही पाच जण: बाबा ७२ (रक्तदाबाची गोळी चालू), आई ६८ (गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालते, उतार अवघड जातो), आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा. मुंबई ते झुरिक थेट विमान घेणार.

स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या लाउटरब्रुनेन दरीवरची म्यूरेन आणि वेंगेन ही दोन गावं निवडलीत. दोन्हींकडे मोटारी जात नाहीत एवढं कळलंय. तारखा ८ ते १४ मे, कारण शाळेला सुट्टी. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेणार. आई-बाबा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

दोन्हींपैकी कुठलं गाव? मे चालेल का? सामान आणि दोन ज्येष्ठ माणसं घेऊन वर पोचायचं कसं? रेल्वेचा पास कुठला? आणि खाण्याचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

घाटवाट

गावाचं नंतर बघू, आधी तारखा. ८ ते १४ मे ही त्या गावांची बंदची वेळ आहे. स्कीइंगचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो, उन्हाळ्याचा जूनमध्ये सुरू होतो, आणि मधल्या पाच-सहा आठवड्यांत बरीच हॉटेलं, खाणावळी कुलूप लावून बसतात. वर जाणाऱ्या केबलकारची वार्षिक तपासणीही याच काळात उरकतात. गावात माणसं राहतात, त्यामुळे गावापर्यंतची एक तरी वाट चालू असते. पण गावाच्या वरचे पाळणे बंद, १८०० मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ, आणि संध्याकाळी जेवायला उघडं हॉटेल शोधावं लागतं. शांतता भरपूर मिळेल, पण आई-बाबांनी दिवसभर करायचं काय?

मुंबईकरांची अडचण अशी की आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या तिथल्या खाचांत पडतात. मे तर आहेच, आणि दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, तेव्हाही तोच प्रकार. मुलाची शाळा जूनच्या मध्यावर उघडत असेल तर जूनचा पहिला आठवडा पकडा. तेव्हा बर्फ वितळत असल्यानं धबधबे भरात असतात, कुरणांत फुलं येऊ लागतात आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून पोचलेली नसते. वेंगेनहून वरच्या मेनलिखेनच्या डोंगरमाथ्यावर जाणारी केबलकार आणि म्यूरेनहून आलमेंडहुबेल टेकडीवर जाणारी फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी उतारावरची रेल्वे) या दोन्ही मे अखेर ते जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या दरम्यान सुरू होतात. तारीख दरवर्षी थोडी पुढेमागे होते. घर पक्कं करण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा, उलटं करू नका. शाळेची अडचण नसती तर सप्टेंबरच सुचवला असता. हवा जास्त स्थिर, वाटा कोरड्या.

आता गाव. माथेरान डोळ्यासमोर आणा. दस्तुरीला गाडी सोडली की पुढे मोटारी नाहीत, तसंच इथं. फक्त इथं घोडे नाहीत, वर पोचायचं ते रेल्वेनं किंवा केबलकारनं. दरी उत्तर-दक्षिण, तिच्या दोन्ही बाजूंना सरळ कडे आणि कड्यांवर फळीसारखी सपाटी. पूर्वेकडच्या फळीवर वेंगेन, १२७४ मीटर. पश्चिमेकडच्या फळीवर म्यूरेन, सुमारे १६४० मीटर. दरीच्या तळाला लाउटरब्रुनेन, ७९५ मीटर.

म्यूरेनच्या समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांची अख्खी भिंत उभी राहते. मावळतीचं ऊन त्या भिंतीवर पडतं तेव्हा ती आधी पिवळी, मग तांबूस होते आणि सर्वांत शेवटी फक्त टोकं उजळलेली राहतात. हे घराच्या सज्जातून दिसतं, कुठं जावं लागत नाही. वेंगेन पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथं संध्याकाळचं ऊन जास्त वेळ मिळतं. ज्येष्ठांना ते बरं वाटतं. वेंगेन मोठं, दुकानं जास्त, म्यूरेन लहान आणि जास्त निवांत.

तुमच्या आईचे गुडघे धरून मी वेंगेन म्हणेन. कारण एकच: वेंगेनला रेल्वे थेट गावाच्या मध्यात येते. म्यूरेनला एक टप्पा जास्त आहे, आणि तो केबलकारचा. फ्योन नावाचा दक्षिणेकडचा जोराचा वारा सुटला की केबलकार थांबवतात. वेंगेनची दातेरी रुळांची गाडी त्या वाऱ्यात सहसा चालू राहते. बाबांना मध्येच खाली डॉक्टरकडे न्यावं लागलं तर हा फरक फार मोठा ठरतो.

आणि लाउटरब्रुनेनमध्येच राहू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. उन्हाळ्यात दिवसभर बसगाड्या आणि फोटो काढणाऱ्यांची रांग असते, शिवाय कड्यांमुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं.

रूळ_आणि_खडी

वर पोचायचा मार्ग लिहितो. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, साधारण सव्वादोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना बर्नला बदल. मग इंटरलाकेन ओस्ट ते लाउटरब्रुनेन २० मिनिटं, आणि लाउटरब्रुनेन ते वेंगेन पंधरा मिनिटांच्या आत. विमानतळापासून घरापर्यंत साडेतीन तास धरा.

तीन ठिकाणी चुका होतात.

एक, इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत. आधी वेस्ट येतं, मग ओस्ट. नाव ऐकून लोक वेस्टलाच सामान उतरवतात. तुम्हाला शेवटचं, म्हणजे ओस्ट हवं.

दोन, ओस्टहून सुटणारी गाडी वाटेत त्स्वायल्युचिनेन स्टेशनात दुभंगते. आपल्या कल्याणसारखं समजा, एक फाटा कर्जतला, एक कसाऱ्याला. मात्र इथं गाडी एकच असते आणि तिचे डबे दोन दिशांना जातात, काही लाउटरब्रुनेनला, काही ग्रिंडेलवाल्डला. म्हणून डब्यावरचा फलक वाचूनच चढा. फलाटावरच्या पाटीवरही कुठल्या भागात कुठले डबे लागणार ते लिहिलेलं असतं. चुकून बसलात तर त्स्वायल्युचिनेनला उतरून डबा बदलता येतो, पण तिथं गाडी फार वेळ थांबत नाही. चार बॅगा, दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल घेऊन ती धावपळ टाळलेली बरी.

तीन, स्वस्तातलं सुपरसेव्हर तिकीट. ते ठरावीक गाडीलाच चालतं. विमान उशिरा उतरलं किंवा सामानाच्या पट्ट्यावर वेळ गेला की तिकीट वाया. पोचायच्या दिवशी साधं तिकीट घ्या, ते दिवसभर कुठल्याही गाडीला चालतं. परतीलाही तेच, विमान चुकवण्यात अर्थ नाही.

सामान प्रत्येकी एकच बॅग, चाकांची, आणि ती तुम्हाला एका हातानं दोन पायऱ्या चढवता आली पाहिजे. २३ किलोची परवानगी आहे म्हणून २३ भरू नका, १५ पुरे. सहा रात्रींच्या मुक्कामात कपडे धुता येतात, घराची चौकशी करताना धुलाई यंत्राचं विचारा.

वेंगेनमधली बरीच हॉटेलं गाडीची वेळ कळवली तर स्टेशनावर विजेची छोटी गाडी पाठवतात. भाड्याच्या घरांना ही सोय बहुधा नसते. त्यामुळे घर निवडताना हे बघावंच लागतं, त्याबद्दल घाटवाट नीट सांगू शकतील.

म्यूरेन ठरलं तर: लाउटरब्रुनेन स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडला की ग्र्यूचआल्पची केबलकार. केबिनच्या खाली सामानासाठी वेगळा मंच टांगलेला असतो. वर ग्र्यूचआल्पला, १४८७ मीटरवर, छोटी रेल्वे उभी असते, ती कड्याच्या काठानं विंटरएगवरून म्यूरेनला नेते. ही रेल्वे १८९१ पासून आहे. खालचा पाळणा २००६ चा, त्याआधी त्या उतारावर फ्युनिक्युलर होती. दुसरी वाट दरीच्या टोकाहून: लाउटरब्रुनेनहून पिवळी बस पकडून श्टेखेलबेर्गच्या केबलकारपर्यंत, आणि तिथून डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या केबलकारनं चार-एक मिनिटांत थेट म्यूरेन. चढ १५९.४ टक्के, म्हणजे जगातली सर्वांत उभी. उंचीची भीती असेल तर ज्येष्ठांना काचेपासून दूर उभं करा.

म्यूरेनमध्ये रेल्वे गावाच्या उत्तर टोकाला सोडते आणि केबलकार दक्षिण टोकाला. दोन्हींत पंधरा मिनिटांचं चालणं. घर कुठल्या टोकाला आहे ते बघून वाट निवडा, नाहीतर अख्खं गाव बॅगा ओढत पार कराल.

पास. सहा रात्री एकाच गावात राहायचं तर स्विस ट्रॅव्हल पासाचे पैसे वसूल होत नाहीत. साधा पास सलग दिवसांचा असतो, ३, ४, ६, ८ किंवा १५, आणि रोज लांबचा रेल्वेप्रवास करणाऱ्यांसाठी आहे. वेंगेन आणि म्यूरेनपर्यंत तो पूर्ण चालतो, पण तिथून युंगफ्राउयोखला (३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन) फक्त २५ टक्के सूट देतो. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं, जवळपास प्रत्येक गाडी, बोट, केबलकारचं तिकीट निम्म्यात येतं आणि युंगफ्राउयोखलाही निम्मीच किंमत पडते. तुमच्या आराखड्याला मोठ्यांना प्रत्येकी हे कार्ड घ्या. रोज वरखाली करायचंच असेल तर युंगफ्राउ भागाचा स्वतंत्र पासही आहे. तुमचे ठरलेले प्रवास कागदावर मांडून दोन्हींची बेरीज करा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

मुलासाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, फुकट आहे. सहा ते सोळा वर्षांच्या आतलं मूल त्यावर मोफत फिरतं, पण सोबत आई किंवा वडील हवेत. मुलगा नुसत्या आजी-आजोबांबरोबर खाली गेला तर त्याचं तिकीट लागेल. ज्येष्ठ नागरिकांना ट्रॅव्हल पासात वेगळी सवलत नाही, ती शोधत बसू नका.

फोर्टातला_हिशेब

पैशांचं थोडक्यात. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड नेलं तर प्रत्येक व्यवहारात दुसऱ्या चलनाचा आकार बसतो. कार्डावर फ्रँकच भरा. दुकानात यंत्र विचारतं, रुपयात की फ्रँकमध्ये? प्रत्येक वेळी फ्रँक निवडा, रुपये निवडले की विनिमयाचा दर त्यांचा लागतो. रोख फार लागत नाही, पण १, २ आणि ५ फ्रँकची नाणी जवळ असू द्या. शेतकरी घराबाहेर फ्रीजमध्ये चीज ठेवतात, शेजारी पैसे टाकायची पेटी असते आणि मोड द्यायला तिथं कोणी नसतं.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा बदलल्या, आता ३ ते ९ जून, आणि वेंगेन ठरवतोय. शाळा १५ जूनला उघडते. कुकर न्यायचा का? आणि घरून काय नेता येईल? आई म्हणते तूप, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि एक पेटी हापूस. व्हिसासाठी आता वेळ पुरेल का?

भाजणी_थालीपीठ

आईंना आधी हे सांगा: हापूस नाही आणि तूपही नाही.

युरोपीय संघ आणि त्याच्या शेजारची काही मोजकी राष्ट्रं सोडून बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, चक्का, पनीर सगळं बाद. दुधाची पावडर घातलेला तयार चहाचा मसालाही त्यातच येतो, पाकिटावरचे घटक वाचा. ताजी फळं, भाज्या, पानं यांना पीक-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूस त्या यादीत नाही. कढीपत्त्याची ताजी डहाळीही नाही. नारळ चालतो, पण कोणी एवढं वजन नेऊ नये.

मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, भाजलेला रवा, पोहे, तूरडाळ, मूगडाळ, चहापत्ती, साखर घातलेला सुंठीचा मसाला, तेलात तळलेला चिवडा, शेंगदाण्याची चटणी हे सगळं न्या. भाजणी घरची असेल तर स्वच्छ पिशवीत भरून वर नाव लिहा, विचारलं तर दाखवता येतं. बेसनाचे लाडू तुपातले असतात हे विसरू नका, ते घरीच राहू द्या.

तूप गेलं म्हणून हळहळ नको. तिथलं लोणी अप्रतिम असतं. अर्धा किलो मिठाविना लोणी घ्या, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवा, वीस मिनिटांत घरभर वास येतो. बेरी खरपूस होईपर्यंत थांबा, मग गाळा. दही साधं मिळतं, घट्ट आणि गोडसर, ताक छान होतं.

कुकर न्याच. वेंगेनच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, म्यूरेनला आणखी एक-दीड अंश कमी. उघड्या भांड्यात तूरडाळ तासन् तास शिजत नाही, वरणाच्या जागी डाळीचं पाणी मिळतं. कुकरची शिट्टीही बाहेरच्या हवेच्या दाबावर बेतलेली, म्हणून आतलं तापमान मुंबईपेक्षा दोन-तीन अंश कमीच राहतं. घरी तीन शिट्ट्या देत असाल तर तिथं चार-पाच द्या. डाळ आधी अर्धा तास भिजवली तर उत्तम. भाताला उघडं भांडं चालतं, पाणी थोडं जास्त.

कुकर निवडताना घरातली शेगडी कुठली ते मालकाला आधी विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, इंडक्शन-बुडाचा स्टीलचा हवा. काचेची साधी विद्युत शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतो, पण तो काचेवर घासत सरकवू नका, करडे ओरखडे राहतात आणि ते अनामत रकमेतून कापले जातात. ही काचही हळू तापते आणि हळू निवते. फोडणीत मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला घ्यायचं, नुसतं बटण बंद करून भागत नाही, जिरं जळतं. फोडणीच्या आधी खिडकी उघडा आणि वरचा पंखा लावा, काही घरांत धूर ओळखणारी घंटा असते.

विजेचं: २३० व्होल्ट, आपल्यासारखंच. खाच मात्र वेगळी, स्विस तीन छिद्रांची. मोबाइलची दोन बारीक गोल पिनांची लहान पिन त्यात बसते. आपली जाड तीन पिनांची बसत नाही. स्विस खाचेचा अडॅप्टर मुंबईहूनच घ्या. सर्वसाधारण युरोपीय म्हणून जे जाड गोल विकतात ते स्विस खोलगट खाचेत जात नाही.

बाहेर जेवताना आई-बाबांसाठी हे लक्षात ठेवा. ऱ्योश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठच, पण बर्नकडे त्यात बेकन घालतात. आल्पलर माग्रोनेन म्हणजे मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोडसर लगदा, त्यातही कधी बेकन असतं. फोंड्यूत पांढरी वाइन आणि बहुतेकदा चेरीची दारू घालतात. मागवताना म्हणा, "ओने फ्लाइश, ओने श्पेक." म्हणजे मांस नको, बेकन नको. आणि कडक शाकाहार पाळत असतील तर आणखी एक: ग्रुयेरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणानं लावतात. त्यांना हे चालतं का ते त्यांनाच आधी विचारा, ताटात आल्यावर नको.

गावातलं कोऑप दुकान संध्याकाळी सहा-साडेसहाला बंद होतं असं धरूनच चाला आणि रविवारची वेळ दारावर वाचा. पोचाल त्याच दिवशी दूध, लोणी, दही, पाव, भाजी घेऊन ठेवा. लाल मसूर, डब्यातले छोले, बासमती तिथंही मिळतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पितात. रस्त्यातल्या हौदाच्या धारेवर "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी नसेल तर तेही पिण्याचंच.

वेळेत_अर्ज

व्हिसा: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, १५ दिवस आधीपर्यंत. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आल्यास ४५ पर्यंत. मुंबईत एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळा भराभर संपतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करून टाका. शुल्क मोठ्यांना ९० युरोइतकं, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ४५. सेवा केंद्राचा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा, तो नियम म्हणून. पण त्या आकड्यावर थांबू नका. बाबांचा रक्तदाब अर्जात लिहा आणि आधीपासूनच्या आजारासह हेलिकॉप्टरनं सोडवणुकीचा खर्च पॉलिसीत धरलाय का ते शब्दाशब्दानं वाचा. त्या दरीत डोंगरावरून माणूस खाली आणायला हेलिकॉप्टरच येतं आणि बिल हजारो फ्रँकांत जातं.

बाबांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, शिवाय आठवडाभराच्या जास्त, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. महिन्याभरापुरतं औषध स्वतःसाठी नेता येतं. झुरिकला आता प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात (ही नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून आली), मुलाचा फक्त फोटो, बारा वर्षांखाली ठसे नाहीत. रांगेला तासभर जास्त धरा.

घाटवाट

वेंगेन ठरलं हे छान. आता दिवस कसे काढायचे ते सांगतो, कारण शांतता बऱ्याच अंशी वेळेच्या हिशेबात असते. एका दिवसासाठी आलेले लोक दहा ते चारमध्ये वर असतात. जूनच्या सुरुवातीला सूर्य नऊच्या पुढे मावळतो. म्हणजे पाचनंतर चार तास उजेड आणि वाटा मोकळ्या. ज्येष्ठांना दुपारी झोप काढू द्या आणि फिरणं सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला ठेवा.

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे वरच्या स्थानकांचा वेबकॅम बघणं. गावात ढग असताना २२०० मीटरवर लख्ख ऊन असू शकतं, आणि उलटही. तिकीट त्यानंतर काढायचं. दुपारी दोननंतर गडगडाट व्हायची शक्यता जूनमध्ये नेहमी असते, त्यामुळे उंचावर जायचं ते सकाळीच.

वेंगेनहून केबलकारनं मेनलिखेनला गेलात की सुमारे २२३० मीटर. तिथून क्लायने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनापर्यंतची पॅनोरमा वाट साडेचार किलोमीटर, दीड तास, रुंद आणि हलक्या उताराची. मेनलिखेनकडूनच निघा, उलट दिशेनं चढ लागतो. आईंना हलका उतारही त्रास देत असेल तर दोन काठ्या द्या, उतारावर काठीची लांबी पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची म्हणजे भार गुडघ्यावरून हातावर येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सावलीच्या घळीत बर्फाचे पट्टे उरतात, वाट खुली आहे ना ते केबलकारच्या खिडकीवर विचारा. क्लायने शायडेगहून गाडीनं परत वेंगेन.

आईंसाठी खरी वाट मात्र समोरच्या बाजूला आहे. ग्र्यूचआल्प ते म्यूरेन, रेल्वेच्या कडेनं, साडेचार किलोमीटर, तास-सव्वा तास, चढउतार अगदी थोडा. मध्ये विंटरएगला स्टेशन आहे, दमल्या तर तिथून गाडी. संपूर्ण चालताना डावीकडे आयगर-म्योंख-युंगफ्राउ. वाटेवर गाईंची कुरणं लागतात, विजेच्या तारेचं कुंपण असेल तर फाटकाची आकडी मुठीला धरून उघडा आणि मागे लावा. गवतात शिरू नका, ते गुरांचं हिवाळ्याचं खाणं आहे.

पिवळ्या पाटीवर लिहिलेली वेळ न थांबता चालण्याची असते. तुमच्या मंडळींना दीडपट धरा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरी वाट, तिथं आई-बाबांना नेऊ नका. पांढरा-निळा-पांढरा तुमच्यापैकी कोणासाठीच नाही.

पावसाच्या दिवशी दरीत उतरून ट्र्युमेलबाख बघा. हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटात दहा टप्प्यांत कोसळतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आतली लिफ्ट बरंच वर नेते, पुढे ओल्या पायऱ्या. चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तुमचा चालेल. आत गार आणि तुषारांचा मारा, रेनकोट हवाच. आईंनी लिफ्टनं जाऊन तिथल्या सज्जातूनच बघून परत यावं.

युंगफ्राउयोख ३४५४ मीटर. गाडी तासा-दीड तासात २००० मीटरहून जास्त चढवते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं जड होणं, धाप लागणं स्वाभाविक आहे. बाबांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारावं. गेलात तर मुक्कामाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जा, वर सावकाश चाला, पाणी प्या, आणि त्रास वाटला तर पुढच्या गाडीनं खाली. म्यूरेनच्या वरचं शिल्टहॉर्न शिखर २९७० मीटर, तुलनेनं सोपं.

कपड्यांचा हिशेब: दर १०० मीटरला अर्धा ते पाऊण अंश कमी. गावात दुपारी १८ असेल तर मेनलिखेनला १२ आणि वाऱ्यात त्याहून कमी. जाड एक स्वेटर नेण्यापेक्षा पातळ दोन आणि वर वारा अडवणारं जाकीट. बूट घोट्यापर्यंतचे, तळाला खोल खाचा असलेले आणि मुंबईतच महिनाभर वापरून मऊ केलेले.

तातडीचे क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला: ११२ कुठल्याही मदतीला, १४४ रुग्णवाहिका, १४१४ हवाई बचाव.

मुलुंड_पूर्व

हापूस घरीच खाऊन निघू. एक घर बरं दिसतंय, जाहिरातीत "स्टेशनापासून १२ मिनिटं" लिहिलंय. भाडं बसतंय. घेऊ का?

घाटवाट

बारा मिनिटं कुठल्या दिशेनं ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका. वेंगेन उतारावर वसलंय. स्टेशनाच्या पातळीतली बारा मिनिटं आणि वरच्या बाजूची बारा मिनिटं यांत आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. स्विसटोपोचं नकाशाचं ॲप फुकट आहे. त्यात घराचा पत्ता घाला, स्टेशनापासून वाट आखा, ते उंचीचा आलेख काढून देतं. फरक २० मीटरच्या आत असेल तर खुशाल घ्या. ४०-५० मीटर असेल तर ती म्हणजे मुंबईच्या इमारतीचे पंधरा मजले, रोज दोनदा. शिवाय मालकाला तीन प्रश्न लिहून विचारा: दारापर्यंत पायऱ्या किती, घर कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, बॅगा स्टेशनावरून कोणी आणून देईल का. तिथल्या जुन्या लाकडी घरांना बाहेरून दगडी जिना असतो आणि जाहिरातीतल्या फोटोंत तो दिसत नाही.

तुमचं विमान पहाटे उतरतं, म्हणजे अकराच्या आत तुम्ही वेंगेनला. घराची चावी बहुतेक दुपारी तीनला मिळते. बॅगा आधी ठेवून घेतील का हेही त्याच पत्रात विचारून टाका. आणि कचऱ्याचं: बऱ्याच गावांत कचरा शुल्क भरलेल्या ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो, ती पिशवी घरात ठेवलेली आहे की दुकानातून घ्यायची तेही विचारा.

मुलुंड_पूर्व

आलेख काढला. ६२ मीटर निघाले. ते घर सोडलं. स्टेशनाच्या पातळीतलं दुसरं बघितलंय, फरक ९ मीटर, पायऱ्या चार, इंडक्शन शेगडी. आज स्टीलचा कुकर आणायला जातोय.

भाजणी_थालीपीठ

तीन लिटरचा घ्या, पाच जणांना वरण-भाताला आलटून पालटून पुरतो आणि बॅगेत आडवा बसतो. घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. जादा रबरी रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत ठेवा, तिथं मिळणार नाही. बॅगेत कुकरच्या आत डाळीच्या पिशव्या भरा, जागा वाचते.